जपानी रस्सा

हरणाला लाज म्हणून नसते. गोफणीचा दगड कानाजवळून सूं करत गेला तर ते मान वर करतं, दगड कुठून आला ते बघतं, आणि मारणारी बाई आहे असं दिसलं की पुन्हा कणसाला तोंड लावतं. सारजाबाईचा सगळा राग त्या बघण्यावर होता. खायचं तर खा बाबा, पण असं तोंडाकडं बघून कशाला खातोस, असं तिला व्हायचं.

तेरच्या वरच्या अंगाला, तेरणा नदीपासून कोसभर आत त्यांचं गाव. गाव संपलं की माळ सुरू, आणि माळाच्या पायथ्याला सारजाबाईचा चार एकरांचा तुकडा. यंदा परतीचा पाऊस आखडला आणि ज्वारीचं ताट कंबरेच्या वर गेलंच नाही. बुटक्या ताटालाही कणसं बरी भरली होती, पण नेमकी हरणाच्या तोंडाला येतील अशा उंचीला भरली होती. पौषात दाणा दुधात आला आणि माळावरचा कळप रोज दिवस उगवायला खाली उतरायला लागला. पुढं पिळाच्या शिंगांचा काळा नर, मागं वीस-पंचवीस माद्या आणि पाडसं. धड एक कणीस पुरं खातील तर शपथ. चार दाणे टिपायचे, ताट मोडायचं आणि पुढच्या ताटाला लागायचं. गावात कुणाकडं बंदूक नव्हती. बंदूक असायची ती सरकारची.

सारजाबाई अंधार असतानाच मचाणावर चढायची. ओरडून ओरडून घसा बसला होता. गोफण फिरवून उजवा खांदा सुजला होता, त्यावर ती संध्याकाळी रुईचं पान गरम करून बांधायची. चार वर्षं तिनं हा तुकडा एकटीनं कसला होता. नवरा गोरोबा निजामसरकारच्या पलटणीत शिपाई. पलटण समुद्रापार मलायात गेली आणि जपान्यांच्या हाती सापडली. ना कागद, ना निरोप. लोक म्हणाले, कपाळ पुसून मोकळी हो. तिनं पुसलं नाही. येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलली, की नवरा जिता परत आला तर जोडीनं दर्शनाला येईन, आणि तोवर मटणाला शिवणार नाही.

आणि गोरोबा आला. हाडांचा सापळा होऊन आला, पण आला. आल्या दिवशी त्यानं हुलग्याचं माडगं मागितलं आणि पातेलंभर माडगं एकट्यानं संपवलं. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं होतं. अंगावर मांस चढलं, गालफडं भरली. येरमाळा काही काशी-रामेश्वर नव्हे, पण नवस अजून फिटला नव्हता. गोरोबाला सवडच नव्हती. तो पारावर बसून जपान सांगत होता.

माणूस वाईट नव्हता. कामाला लावला तर करायचा. पण पारावरून कुणी "गोरोबा, ते हरणाचं सांग की" अशी हाक मारली, की हातातलं खुरपं तिथंच पडायचं.

"मधी शेगडी," गोरोबा सांगायचा. "शेगडीवर बिडाचं भांडं. भवतीनं जपानी कप्तान आन त्याची माणसं गुडघं मोडून बसल्याली. कप्तान डोंगराकडला, बर्फातला. त्याच्या मुलखात थंडी पडली की हरीण खात्यात. आमाला रबराच्या रानात ठिवलं हुतं, तिथं हरणं लई. मटण कसं कापायचं, तर खायच्या पानासारखं पातळ. उन्हाम्होरं धरलं तर ऊन दिसलं पायजे."

"आन मसाला?" कुणीतरी विचारायचं.

"मसाला न्हाय."

"काळं तिखट?"

"न्हाय."

एवढ्यावर अर्धा पार हळहळायचा. ज्या मुलखात मटणाला तिखट नाही त्यांनी लढाई जिंकायची कशी, असा सगळ्यांचा हिशेब.

"पातीचा कांदा, मुळा, आन एक काळपट गोळा," गोरोबा पुढं सांगायचा. "कसली तरी डाळ उकडून, मीठ घालून, रांजणात वरीस वरीस दाबून ठिवल्याली. दिसायला चिखल. तो पाण्यात कालवायचा, त्यात हे पातळ तुकडं सोडायचं आन लगी उचलायचं. कच्चंबी खात्यात. आलं लावून."

पारावरून कुणीतरी लांब थुंकायचं. पाराच्या अगदी टोकाला, सगळ्यांकडं अर्धी पाठ करून शिवलिंगप्पा बसायचे. लिंगायत घर, गावात दुकान, माळाला लागूनच पंधरा एकर रान. त्यांच्या सात पिढ्यांत अंडं कुणी पाहिलं नव्हतं. ते कानांवर हात ठेवून "शिव शिव" म्हणायचे, मग एक हात जरा सैल करून विचारायचे, "बरं मग पुढं?"

"त्यांच्यातबी जुन्या काळी मटणाला बंदी हुती, अप्पा," गोरोबा म्हणायचा. "बुद्धाचा धर्म. आमच्यात एक दुभाष्या हुता, त्यानं सांगितलं. मग लोकांनी काय केलं? हरणाला हरीण म्हणायचंच सोडलं. त्यांच्याकडं एक झाड हाय, थंडीत त्याचं पान लालभडक हुतं. त्या पानाचं नाव घ्यायचं. आज काय शिजलंय? तर लाल पान शिजलंय."

शिवलिंगप्पा बराच वेळ विचार करायचे. "म्हणजे भाजीच झाली की," ते म्हणायचे, आणि आपण काय बोललो हे ध्यानात आलं की पुन्हा शिव शिव.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण पारावरची गोष्ट तेरच्या बाजारात गेली, बाजारातून तालुक्याला गेली आणि तालुक्याच्या साहेबांच्या कानी पडली. हे साहेब शिकारीपेक्षा जेवणाचे शौकीन. बोलताना त्यांचे डोळे ताटाकडं वळायचे, ताट समोर नसलं तरी. एके दिवशी दुपारी त्यांचा चपराशी मल्लिनाथ पट्टा सावरत पारावर येऊन उभा राहिला.

"साहेब येतायत. बाजार झाला की दुसऱ्या दिवशी," त्यानं सांगितलं. "माळाखालच्या ज्वारीत हरणं पडतात म्हणे. तिथं शिकार होणार. घरटी एक माणूस हाक्याला. ज्वारीतून हरणं उठवायची, साहेब बांधावर बसून बार टाकणार. आणि जपानी गोरोबा कोण तुमच्यातला? त्यानं हरीण जपानी तऱ्हेनं रांधायचं."

गोरोबाची छाती आधी फुगली. मग माळाखालची ज्वारी म्हणजे कुणाची ते त्याच्या ध्यानात आलं आणि ती हळूहळू खाली बसली.

घरी सारजाबाईला बातमी त्याच्या आधीच पोचली होती. ती चुलीपाशी खांद्याला पान बांधत बसली होती. दाताशी चिंधीचं टोक धरलं होतं, ते तिनं गाठ मारून झाल्यावर सोडलं.

"तुमी सैपाक करत हुतावं का तिथं?" तिनं विचारलं.

"सैपाकघरात हुतो."

"काय करत हुतावं?"

"लाकडं फोडायचो."

"आन?"

"मुळं धुवायचो."

"हरीण शिजवलाव कधी?"

गोरोबा देवळीतल्या चिमणीकडं बघत राहिला. "शिजताना लई बघितलंय," तो म्हणाला.

सारजाबाई ओरडली नाही. घसा ओरडण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. "वरीसभर म्या काय बोलले न्हाय," ती म्हणाली. "म्हटलं बोलू द्या, माणूस मरणातनं आलाय, तेवढंच त्वांड मोकळं हुतंय. आता त्या तोंडापायी माझं पीक चाललं. पन्नास माणसं घुसणार, घोडी घुसणार. एक हरीण मरंल आन चार एकर आडवं हुईल. हरणानं निम्मं तरी ठिवलं असतं. म्या सांगून ठिवते, पीक गेलं तर म्या कुणाच्या दारात पदर पसरायची न्हाय. तुमच्या जपानला जावा आन तिथनं दाणं घेऊन या."

गोरोबा चुलीकडं सरकला. चुलीतलं लाकूड उगीच पुढं सारून तो बसून राहिला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की त्याचे कान हलायचे. सारजाबाईनं ते बघितलं. मग तिनं विचारलं, "जपानी लोक हरीण कुठलं खात्यात?"

"डोंगरातलं."

"शेतातलं न्हाय?"

"खात असतील की शेतातलंबी. मला काय ठावं?"

"न्हाय खात," सारजाबाई म्हणाली. "साहेब आले की सांगायचं, शेतातलं न्हाय खात. आन नीट ऐका आता, आणखी काय काय न्हाय खात ते म्या सांगते."

साहेब आले. गावाच्या आमराईत तंबू पडला. दोन घोडी, चार चपराशी, बंदुकीची पेटी आणि मसाल्याचा डबा घेतलेला एक खानसामा. साहेब खुर्चीत बसले, पोट मांडीवर घेतलं आणि गोरोबाला समोर बोलावलं.

"मियाँ गोरोबा, दोन दिवस आम्ही नाश्तासुद्धा हलका केलाय," ते म्हणाले. "बोला. तयारी काय काय?"

गोरोबानं पलटणीतल्यासारखे पाय जुळवले. "साहेब, हरीण माळावरचं पायजे. ज्वारी खाल्ल्यालं चालत न्हाय."

"म्हणजे?"

"कवळी ज्वारी पोटात गेली की मटणाला गुळमट वास मारतो. आपल्याला कळत न्हाय. आपुन मसाला घालतो, वास मसाल्याखाली दडतो. जपानी मसाला घालत न्हाय. शेतातलं हरीण त्याच्या म्होरं ठिवलं तर तो वाटी पालथी घालून उठून जातो."

खानसामा खाकरला. मसाल्याखाली काहीतरी दडतं, हे बोलणं त्याला झोंबलं होतं. "हुजूर, आजवर आपण शेतातलंच हरीण खाल्लंय," तो म्हणाला.

"म्हणूनच," साहेब विचारात पडून म्हणाले. "म्हणूनच कायम वाटायचं, काहीतरी कमी आहे."

तिथून गोरोबाची गाडी उताराला लागली. सारजाबाईनं शिकवलेलं तर त्यानं सांगितलंच, वर पदरचंही घातलं. ज्वारी सुटल्यावर पोट निर्मळ व्हायला हरणाला आठवडाभर नुसतं माळाचं वाळकं गवत पाहिजे. हाका घालून पळवलेलं हरीण भितं, आणि भ्यालेल्या हरणाचं मटण आंबतं. म्हणून पिकात माणूस घालायचा नाही, घोडं तर बिलकूल नाही. हरीण माळावर आपल्या मनानं चरताना टिपायचं.

"पण आठवडाभर ते ज्वारीत शिरलं तर?" साहेबांनी विचारलं.

"मग पैल्यापासनं मोजायचं," गोरोबा म्हणाला, आणि त्याचे कान हलले.

साहेबांनी मल्लिनाथला हाक मारली. चारी चपराश्यांनी माळाखालच्या ज्वारीभोवती रात्रंदिवस खडा पहारा द्यायचा, हरणाच्या तोंडाला एक कणीस लागलं तर पट्टा उतरवला जाईल, असा हुकूम झाला. साहेब स्वतः कामासाठी तालुक्याला गेले, ते पुढच्या बाजाराला येणार होते.

दुसऱ्या दिवशी सारजाबाई अंधारात शेतावर गेली, तर चार बांधांवर चार चपराशी उभे. कळप उतरला. मल्लिनाथनं पट्टा काढून डोक्यावर फिरवला आणि अशी आरोळी ठोकली की काळा नर मागच्या दोन्ही पायांवर वळला. हरणानं मान वर करून बघितलं, दिसला मिशीवाला बाप्या. पुन्हा कणसाकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. सारजाबाई मचाणावर चढली, गोफण उशाला घेतली आणि कित्येक दिवसांनी सकाळची झोपली.

मात्र मल्लिनाथ काही साधा नव्हता. दुपारी धूर दिसला म्हणून ती उठून बघते, तर चौघं आगटी पेटवून हुरडा भाजत बसलेले. समोर कणसांचा ढीग. हरणानं पाच दिवसांत खाल्लं नसतं तेवढं एका बैठकीत चालू होतं.

"आवं दादा," सारजाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "आगटीच्या धुराचा वास माळावर जातोय. हरणाला धूर लागला तर ते माळ सोडून जाईल म्हणं. तसं साहेबाला सांगावं लागंल, असं आमच्या घरात म्हणत हुते."

मल्लिनाथनं हातातला हुरडा न चावता तसाच गिळला आणि पायानं आगटी विझवली. त्याच्या तोंडाकडं बघून सारजाबाईला दया आली. संध्याकाळी तिनं चौघांना भाकरी आणि पिठलं नेऊन दिलं. पोटाला घालायला ती कधी मागं हटली नव्हती, फक्त शेतात बसून घ्यायला तिची ना होती.

तिसऱ्या दिवशी शिवलिंगप्पा तणतणत आले. सारजाबाईचं रान बंद झालं म्हणून हरणं त्यांच्या रानात शिरली होती. पंधरा एकरांत कळपाला काय, मोकळं रानच. अप्पांनी आधी गोरोबाला शिव्या दिल्या, मग घोडी काढून थेट तालुका गाठला. पुढचं मल्लिनाथनं तालुक्यातून ऐकून नंतर पारावर सांगितलं. अप्पा साहेबांपुढं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हरणं माझी ज्वारी खायला लागली. शिव शिव, मटणाची चव बिघडंल."

साहेबांना गहिवरून आलं. ज्या माणसानं जन्मात मटण पाहिलं नाही तोसुद्धा चवीसाठी एवढी धावपळ करतो, म्हणाले. लगेच आणखी सहा माणसं आली. बघता बघता सगळं शिवार सरकारी पहाऱ्याखाली गेलं. हरणं बिचारी माळावर वाळकं गवत चघळत खाली बघत उभी राहायची. दाणा हुरड्यातून टणक व्हायला लागला, आणि सारजाबाईच्या खांद्याची सूज उतरली.

बाजार झाला आणि साहेब परत आले. सकाळच्या उन्हात ते माळावरच्या एका खडकाआड पोटावर निजले. पोटामुळं बंदुकीला आपोआप उंची मिळाली. पहिला बार खडकावर गेला, दुसरा कुठं गेला ते कळलं नाही. तिसऱ्या बाराला एक मध्यम नर चार उड्या मारून पडला. बाकीचा कळप जो उधळला तो नदीपल्याड जाऊन थांबला. साहेबांनी उठून कपडे झटकले आणि गोरोबाकडं बघितलं. आता बोलण्यानं भागणार नव्हतं.

गोरोबाच्या घराण्यात मटण घरात शिजत नसे. चूल अंगणात, तीन दगडांची, भांडं वेगळं, आणि रांधायचं बाप्यांनीच. बायकांनी फार तर वाटण वाटून द्यायचं. सारजाबाईला तर नवसामुळं तेही नाही. ती ओसरीवर चुलीकडं पाठ करून बसली, आणि गोरोबा विळी घेऊन अंगणात. पलीकडं साहेबांची खुर्ची, मागं चपराशी. कुंपणाबाहेर अर्धा गाव. त्याही पलीकडं चिंचेखाली पाठमोरे शिवलिंगप्पा.

"पातळ कापा," सारजाबाई भिंतीकडं बघत हळूच म्हणाली.

"पातळच कापतोय."

"मग आवाज कशाचा येतोय?"

"हाड लागलं."

गोरोबाच्या कपाळावरून घाम गळत होता. पानासारखं पातळ काही होईना. एक तुकडा तळव्याएवढा, एक सुपारीएवढा. साहेबांनी एक तुकडा उन्हासमोर धरून बघितला. ऊन काही दिसलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. कांद्याची पात मिळाली, मुळे मळ्यातून आले. "आणि तो काळा गोळा?" साहेबांनी विचारलं. "रांजणातला? त्याच्याशिवाय जपानी कसं होणार?"

सगळे गोरोबाकडं बघायला लागले. खानसामा गालात हसला. गोरोबा उठला, ओसरीपाशी आला आणि खाली वाकून सारजाबाईला म्हणाला, "तुझं माडगं हाय का? परवाचं?"

"हुलग्याचं? ते आंबलंय. म्हशीला ठिवलंय."

"तेच दे."

एवढ्या सगळ्या घरात याला माडगंच कसं आठवलं, ते सारजाबाईला कळेना. पण विचारायला वेळ नव्हता. भाजून भरडलेल्या हुलग्याचं ते घट्ट, काळपट, आंबूस माडगं तिनं पातेल्यासकट मागं सरकवलं. गोरोबानं त्यात मीठ घातलं, पाण्यात कालवलं आणि चुलीवरच्या भांड्यात ओतलं. उकळी फुटली. अंगणभर वास सुटला. गोरोबा हातातली पळी तशीच धरून उभा राहिला, आणि बराच वेळ हलला नाही.

"उतू जाईल," सारजाबाई भिंतीकडं बघत म्हणाली. तिला नुसत्या आवाजावरून कळत होतं.

पहिली वाटी साहेबांनी गोरोबापुढं धरली. "आधी तू. तू खाल्लेला माणूस. हाच जपानी रस्सा का, ते सांग. मगच आम्ही."

गोरोबानं वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली. तुकडा खाल्ला नाही, नुसतं पाणी प्यायला. डोळे मिटले. "व्हय साहेब," तो म्हणाला. "ह्योच." आवाज घोगरा झाला होता. सारजाबाईनं नवस विसरून पहिल्यांदाच मागं वळून बघितलं, आणि लगेच पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

साहेबांनी घास घेतला. चावला. पुन्हा चावला. तुकडा तळव्याएवढ्यातला होता, तो इकडून तिकडं गेला, तिकडून इकडं आला. गाव श्वास रोखून बघत होतं. ज्याच्यासाठी दहा माणसं आठवडाभर उन्हातान्हात उभी केली, ते वाईट लागतं असं म्हणण्याची सोय साहेबांना राहिली नव्हती.

"नफीस," साहेब शेवटी गिळून म्हणाले. "फार नफीस. गुळमट वास अजिबात नाही."

"अजिबात नाही, हुजूर," चपराशी एका सुरात म्हणाले. मल्लिनाथनं एक तुकडा केव्हाचा गालात धरून ठेवला होता.

"कसं लागतंय म्हणतात?" चिंचेखालून शिवलिंगप्पांनी विचारलं.

दुसऱ्या घासाला साहेबांनी खुर्ची ओसरीकडं सरकवली आणि आवाज खाली आणला. "बाई," ते म्हणाले, "घरात काळं तिखट असेल का? थोडं. जपानी लोकांना कळायचं कारण नाही."

सारजाबाईनं भिंतीकडं बघतच तिखटाची वाटी मागं दिली. ती वाटी साहेबांकडून खानसाम्याकडं, खानसाम्याकडून मल्लिनाथकडं आणि तिथून कुंपणाबाहेर गेली, आणि चाटूनपुसून परत आली. जाताना साहेबांनी गोरोबाच्या पाठीवर थाप मारली. "पुढल्या सालीही येऊ," ते म्हणाले. "ज्वारी पोटऱ्यात आली की आधीच पहारा पाठवतो. पोट अगदी सुरुवातीपासून निर्मळ राहिलं पाहिजे."

ज्वारी काढली, बांधली, खळ्यावर आली. चार बैल फिरले, वारा सुटला आणि रास पडली. फार मोठी नव्हती, पण वर्षाला पुरून उरणारी होती, आणि तिच्यात कुणाच्या दारातला एक दाणा नव्हता. रास घरी गेली की दोघं येरमाळ्याला निघणार होती. या खेपेला गोरोबानं स्वतःहून वार ठरवला होता. त्या दिवशी सारजाबाईनं नव्या ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि सोबत हुलग्याचं माडगं घेऊन ती खळ्यावर आली.

गोरोबानं वाटी घेतली. पिण्याआधी नाकाशी धरून बसला.

"तिखट देऊ?" तिनं विचारलं.

"नगं."

"बरं न्हाय का?"

"बरं हाय." तो राशीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "त्या कप्तानाच्या भांड्याचा वास असाच हुता."

सारजाबाई भाकरी मोडत होती. ती तशीच तिच्या हातात राहिली.

"म्या हरीण कधी खाल्लं न्हाय तिथं," गोरोबा म्हणाला. "आमाला कोण देतंय? आमाला मुळ्याचं पाणी. लाकडं फोडताना भांड्याचं झाकण निघायचं, आन त्या काळ्या गोळ्याचा वास यायचा. हुलग्याचा. तुझ्या चुलीचा. कुऱ्हाड वर गेल्याली तशीच ऱ्हायची. एक डाव कप्तानबी वाटी तोंडाला लावून रडला. त्याचं घर आठवलं आसंल त्याला. तो तिकडं रडतुया, म्या इकडं लाकडाच्या ढिगाआड. दोघांचं भांडं एकच."

सारजाबाईला भडभडून आलं. वर्षभर हा माणूस पारावर बसून उगीच बढाया मारतो म्हणून तिनं किती बोटं मोडली होती. तिनं पदरानं नाक पुसलं, आणि मग तिला रागही आला, कारण रडवलं की तिला राग यायचाच.

"मग वरीसभर हरणाचं कशाला सांगत बसलाव?" ती म्हणाली. "माडग्याचं सांगायचं हुतं."

"माडग्याचं ऐकायला पारावर कोण बसतंय?"

"म्या बसले असते की," सारजाबाई म्हणाली, आणि पातेल्यात राहिलेलं माडगं तिनं त्याच्या वाटीत ओतलं.